भूत, चोर आणि हसू: खिडकीखालच्या कप्प्यातल्या पुस्तकांविषयी

आमच्या दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला, खिडकीखाली जो कप्पा आहे, तिथल्या कादंबऱ्या चाळताना पालक हमखास विचारतात, "ही नक्की कसली हो? भुताची की विनोदी?" दोन्ही. शिवाय प्रत्येकीत एक गुन्हा असतो, निदान एक चोरी तरी, आणि ती कोणी केली हे शेवटपर्यंत कळत नाही. इंग्रजी प्रकाशक आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना 'मिडल ग्रेड' म्हणतात. आपल्या हिशेबाने साधारण तिसरी ते सातवी. चित्रांची पुस्तकं 'बाळबोध' वाटू लागलेली आणि कॉलेजातल्या प्रेमकथांना अजून नाक मुरडणारी मुलं. हे पत्रक त्यांच्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी आहे. मुलांना ते लागत नाही, ती सरळ कप्प्यापाशी जाऊन बसतात.

जादू असेल तर तपास कसला?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजोबांकडून येतो, आणि तो रास्त आहे. भूत भिंतीतून आरपार जात असेल, तर बंद खोलीतून हार गेला यात कोडं कुठे राहिलं? रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू रहस्यकथाही लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला दुसरा असा की अमानवी, दैवी शक्तींना कथेत अजिबात थारा नको. (तिसऱ्यात गुप्त खोली किंवा भुयार चालेल म्हटलंय, पण एकच!) आमच्या खिडकीखालचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक दुसरा नियम मोडतं. मोडायला हरकत नाही, फक्त एक अट आहे. जादूला स्वतःचे नियम हवेत आणि ते वाचकाला वेळेवर कळलेले हवेत. शेवटच्या प्रकरणात हिरोला अचानक अदृश्य होण्याची अंगठी सापडली, तर ती वाचकाची शुद्ध फसवणूक. असं पुस्तक आम्ही शक्यतो ठेवत नाही.

म्हणजे नेमकं काय, ते आपल्याच भुतांवरून सांगतो. समजा, सोसायटीच्या आवारात पिंपळ आहे, पिंपळावर मुंजा आहे, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा चकल्यांचा डबा गायब होतो. सगळे मुंज्यावर आळ घेतात. पण मुंज्याला पिंपळ सोडून जाता येत नाही, हे त्याने स्वतःच पहिल्या प्रकरणात कुरकुरत सांगितलेलं असतं. इतकी वर्षं समोरच्या गाडीवरच्या वड्यांचा नुसता वास घेतोय, एकदाही खायला मिळाला नाही, वगैरे. वाचक तिथे हसतो आणि पान उलटतो. पुढे दहा प्रकरणांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की ती कुरकुर हाच मुंज्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होता.

मग संशय हडळीवर. हडळीचे पाय उलटे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाजणीच्या सांडलेल्या पिठात ठसे उमटलेत, बोटं स्वयंपाकघराच्या आत वळलेली. म्हणजे ती बाहेर पडताना उमटले. पण आत येतानाचे ठसेच नाहीत. तर मग ती आली कुठून? की आधीपासून घरातच राहत होती, आणि कोणाच्या परवानगीने? इथे काकू एकदम गप्प होतात.

(ही कादंबरी आमच्याकडे मागू नका, ती आम्ही आत्ताच रचली. कोणी लिहून काढली तर पहिल्या प्रती आम्ही ठेवू.)

विनोद हा अशा पुस्तकात पुरावा लपवायची सगळ्यात सोयीची जागा असतो, कारण हसणारा माणूस संशय घेत नाही. पुस्तक निवडताना आम्ही हेच बघतो. विनोद काढून टाकला तरी रहस्य जसंच्या तसं उभं राहत असेल, तर तो वरून भुरभुरलेला आहे. जाड मुलगा पडला, मास्तर तोतरे बोलले, कोणाची पँट फाटली, एवढ्यावर भागवणारी पुस्तकं बाजारात भरपूर आहेत आणि खपतातही. आम्हाला ती कंटाळवाणी वाटतात. मुलांनाही वाटतात, फक्त तिसऱ्या पुस्तकापासून.

मराठीत काय आहे?

तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकात असाव्यात असा आग्रह धरला तर मराठीत निवड फार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुटं मात्र भरपूर आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, जादूच्या वाटेला फारसा जात नाही, पण साहस, तपास आणि मिश्किलपणा एकत्र कसा नांदतो ते त्याच्याइतकं सहज कोणी शिकवत नाही. जिभेने काढायचा त्याचा तो 'ट्टॉक' आवाज आजची मुलंही तासाभरात उचलतात. विनोदी चेटकिणीची सवय रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकाने मराठी मुलांना कधीच लावून ठेवली आहे.

या दोन्हींच्या अधेमधे बसतो सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. तो १९६५ मध्ये 'संदेश' या बंगाली मुलांच्या मासिकात पहिल्यांदा आला, आणि अशोक जैन यांनी त्याला मराठीत आणलं. सुरुवात सोन्याच्या किल्ल्याच्या गोष्टीने करा. त्यात मुकुल नावाच्या मुलाला पूर्वजन्म आठवतो आणि शोध राजस्थानात जाऊन पोहोचतो. गोष्ट चमत्काराच्या उंबरठ्यावर उभी राहते, तरी फेलूदा डोकं शाबूत ठेवतो. हसवायला जटायू आहे. हा स्वतः रहस्यकथा लिहितो आणि त्यातल्या चुका फेलूदा त्याला दाखवून देतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी

डेरेक लँडी या आयरिश लेखकाची 'स्कलडगरी प्लेझंट' मालिका २००७ मध्ये सुरू झाली. नायक गुप्तहेर आहे आणि सांगाडा आहे. मेलेला आहे, पण टापटीप आणि तोंडाने फटकळ. त्याच्या जोडीला बारा वर्षांची मुलगी. संवाद इतके चुरचुरीत की मुलं ते मोठ्याने वाचून दाखवत घरभर फिरतात. मारामारी मात्र बरीच आहे, आणि पुढचे भाग अंधारे होत जातात.

जोनाथन स्ट्राउड यांची 'लॉकवुड अँड कंपनी' (पहिला भाग २०१३) नियमांच्या बाबतीत आमची लाडकी. लंडनमध्ये भुतांचा सुळसुळाट झालाय, पण ती नीट दिसतात आणि ऐकू येतात फक्त मुलांना. म्हणून भुतं पकडायच्या कंपन्यांत मुलं कामाला. लोखंड आणि मीठ यांना भुतं बिचकतात, हे सुरुवातीलाच कळतं आणि पुढे प्रत्येक प्रसंगात वाचक मनातल्या मनात मिठाचा हिशेब ठेवू लागतो. चहाबिस्किटांवरून चालणारी कुरबूर हा त्यातला विनोद. पण ही पुस्तकं खरोखर घाबरवतात. या दोन्ही मालिका आम्ही अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा देत नाही. नववीतल्या ताईने वाचली म्हणून चौथीतल्या भावाला चालेल, असं नसतं.

भीतीचं काय?

"रात्री एकटा झोपणार नाही" ही तक्रार आमच्याकडे येते, पण या कप्प्यातल्या पुस्तकांबद्दल क्वचितच. ज्या भुताला वडा खावासा वाटतो त्याची फार भीती वाटत नाही, आणि तपास लागला की उरलीसुरली जाते. तरी मूल हळवं असेल, किंवा घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर आम्हाला सांगा. पूर्वजांची भुतं असलेली पुस्तकं तेव्हा बाजूला ठेवतो आणि फेणे देतो.

घेण्याआधी मुलाला इथेच बसून पहिलं प्रकरण वाचू द्या, स्टुलं त्यासाठीच ठेवली आहेत. त्या वेळात तुम्ही भाजी घेऊन या. घरी नेलेलं पुस्तक आवडलं नाही तर आठवड्याच्या आत बदलून मिळेल, मात्र पानं दुमडलेली नसावीत. मालिकेचा पहिला भाग आम्ही आमच्या वाचनालयातूनच न्या म्हणतो. दुसरा विकत घ्यायचा की नाही हे मूलच ठरवेल.

वाचनालयाच्या प्रतींबाबत एक कडक नियम: पहिल्या पानावर पेन्सिलीने गुन्हेगाराचं नाव लिहिणाऱ्याकडून पुस्तकाची पूर्ण किंमत वसूल केली जाईल. नाव चुकीचं लिहिलं असेल तर निम्मी.