छापा-काटा सरळ होता, तरी भाचा कंगाल

दिवाळीच्या सुट्टीत भाचा-भाची घरी होते, मोबाईल काढून घेतला म्हणून दोघं तोंड फुगवून बसलेले, तर म्हटलं चला एक गेम खेळू. दोघांना 100-100 चिंचोके दिले. नियम एकच, नाणं उडवायचं आणि ज्याचा ढीग छोटा त्याच्या ढिगाचा पाचवा हिस्सा पणाला लावायचा, कारण ऐपतीबाहेर डाव कोण लावणार.

पहिला डाव भाचा हरला, 80 आणि 120. दुसरा जिंकला. म्हणजे फिट्टंफाट ना? नाही! 80 चा पाचवा हिस्सा 16, म्हणजे हा आला 96 वर आणि ती 104 वर. एक हार, एक जीत, तरी 4 चिंचोके तिकडेच राहिले. असे 30 डाव झाले, त्यात ती 16 जिंकली आणि हा 14, म्हणजे म्हटलं तर बरोबरीच, आणि याच्याकडे उरले फक्त 36. चीटिंग कोणी केली नव्हती. छोट्या ढिगाला प्रत्येक हार 20 टक्क्यांची बसते, मोठ्या ढिगाला तेवढेच चिंचोके गेले तरी ओरखडा, बस.

याला यार्ड सेल मॉडेल म्हणतात. कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अनिर्बन चक्रवर्ती यांनी 2002 मध्ये ते मांडलं, गॅसचे रेणू एकमेकांवर आपटून एनर्जीची देवाणघेवाण करतात ना, तसा माणसांच्या पैशाचा विचार करायचा. हजार माणसं घ्या, खेळ चालू ठेवा, शेवटी जवळपास सगळा पैसा एकाकडे जमतो, आणि तो कोण हे निव्वळ नशीब. हुशारी, मेहनत वगैरे त्या गणितात कुठेच नाही!

आपल्याकडे 2022-23 मध्ये वरच्या 1 टक्के लोकांकडे देशातली सुमारे 40 टक्के संपत्ती होती आणि खालच्या अर्ध्या देशाकडे साडेसहा टक्केसुद्धा नाही (वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेचा अंदाज). आता हे सगळं नाण्यामुळे झालं असं मी म्हणत नाहीये. माझ्या मते मॉडेल उलट फार सभ्य आहे, त्यात नाणं तरी सरळ आहे. बाहेर ज्याच्याकडे तारण असतं त्याला वर्षाला दहा टक्क्यांच्या आत होम लोन मिळतं आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो सावकाराला शेकडा 3 देतो, तेही महिन्याला, म्हणजे वर्षाचे 36. आणि जात, वारसा, बापाची जमीन हे तर पहिलं नाणं उडायच्या आधीच ठरलेलं असतं.

अमेरिकेतले गणिती ब्रूस बोघोसियन यांनी या मॉडेलमध्ये दोन गोष्टी घातल्या, श्रीमंताच्या बाजूला थोडं झुकलेलं नाणं आणि संपत्तीवर कर. मग मॉडेलचे आकडे अमेरिकेतल्या खऱ्या वाटणीशी बरेच जुळायला लागले.

कराचं आम्हीपण करून बघितलं. दर 5 डावांनंतर दोघांनी आपल्या ढिगाचा दहावा हिस्सा मध्ये टाकायचा आणि तो निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. भाचा लगेच तयार. भाची चिंचोक्यांवर हात ठेवून म्हणाली, "मामा, मी जिंकतेय तेव्हाच बरे नियम बदलतात तुमचे!"