टाकळीच्या गोगलगायी आणि सुरतेकडची ‘नाणी’

सीताबर्डीच्या टेकडीचा काळा कातळ नागपूरकरांच्या रोजच्या नजरेतला. त्याचं वय ठरवायला मात्र शेवटी समुद्राची साक्ष काढावी लागली.

१८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांत दबलेला गाळ धुंडाळला. गोगलगायी, बिया, किड्यांचे अवशेष हाती लागले. १८५५ मध्ये त्यावर त्यांचा लेख लंडनला छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले. पण गोगलगायी तळ्यातल्या. तळ्यातला जीव दूरदेशी सापडेलच असं नाही, मग ताळा कशाशी जुळवायचा?

तो जुळवायला उपयोगी पडले न्युम्युलाइट्स. हे मोठे फोरॅमिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव, पण कवच मसुरीएवढं, कधी रुपयाहूनही मोठं. गिझाच्या पिरॅमिडच्या दगडांत ते खच्चून भरलेत. मजुरांच्या जेवणातली मसूर दगड झाली अशी तिथली समजूत प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने नोंदवली आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कने १८०१ मध्ये नाव दिलं ते ‘छोटं नाणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. उथळ, उन्हाच्या समुद्रात ते युरोपपासून भारतापर्यंत पसरले आणि त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. कालमापनाला हेच दोन गुण लागतात.

नर्मदा-तापी खोऱ्यांवरचं भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांचं काम १८६९ मध्ये प्रसिद्ध झालं. सुरत-भरूचकडे न्युम्युलाइट्सचा चुनखडक दख्खनच्या कातळावर, म्हणजे सीताबर्डीसारख्याच थिजलेल्या लाव्हावर बसलेला आहे. चुनखडक इओसीनचा (तृतीयकातलाच एक टप्पा), म्हणजे खालचा कातळ त्याहून जुना. मध्य प्रदेशातल्या बाघ गावी तोच कातळ क्रिटेशस (डायनोसॉरांच्या शेवटच्या) काळातल्या सागरी थरांवर पसरलेला. वयाला वरून-खालून अशी कुंपणं पडली. मला हा युक्तिवाद फार देखणा वाटतो.

जात ओळखायची तर नाणं फोडावं लागतं. चिमट्यात धरून ज्योतीवर तापवायचं आणि थंड पाण्यात टाकायचं. बरोबर मधोमध फाकतं. आत वळ्यांचे फेर आणि केंद्राशी पहिली कोठडी दिसते. तिथेच जुने अभ्यासक फसले. एकाच जातीत लहान कोठडीची मोठी कवचं आणि मोठ्या कोठडीची लहान कवचं असतात. पिढ्यांचा हा फरक कळेपर्यंत त्यांना वेगवेगळ्या जाती समजून नावं दिली गेली. १९९८ मध्ये पॅलिओसीन (इओसीनच्या लगेच आधीचा काळ) आणि इओसीनसाठी अशा जीवांचे २० कालपट्टे ठरले. युरोप ते भारत पसरलेल्या प्राचीन टेथिस समुद्राच्या थरांसाठी आज तेच वापरतात.

आज किरणोत्सारी मापनाने दख्खनचा मोठा उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे. आणि २००९ मध्ये नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला, लाव्हाच्या थरांमधल्या गाळातच, फोरॅमिनिफेरा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हे मोठे नव्हेत, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचे. हिस्लॉप टाकळीत शोधत होते तसल्याच गाळातून, दीडशे वर्षांनी.