डेस्कटॉप संगणकातील नित्य बिघाड (नाशिक परिसर)

संगणक चालू न होणे, पंखे फिरूनही डिस्प्ले न येणे, मध्येच बंद पडणे, अतिशय संथ चालणे, तारीख मागे जाणे, मराठी मजकूर विस्कटलेला दिसणे हे डेस्कटॉपचे नेहमीचे बिघाड होत. यांपैकी बरेचसे कोणताही सुटा भाग न बदलता दूर होतात. तपासणी भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू करून आत जावे: वीज, केबली, रॅम (संगणकाची तात्पुरती मेमरी), उष्णता, डिस्क आणि सर्वांत शेवटी विंडोज. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कशामुळे गेला ते समजत नाही. कारण न शोधता आधीच फॉर्मॅट मारल्याने लोकांच्या फायली जातात आणि सैल केबल तशीच राहते.

वीज आणि अर्थिंग

घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा निफाड-दिंडोरीकडे मळ्यातल्या पंपाच्या लाइनवर व्होल्टेज क्षणभर खाली बसते. चांगला एसएमपीएस (भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारा कॅबिनेटमधला डबा) पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंदांची खंडित वीज सोसतो. त्यातले कपॅसिटर जुने झाले की ही क्षमता घटते आणि दिवा नुसता लुकलुकला तरी संगणक रीस्टार्ट होतो. वीज जाताच यूपीएसही मान टाकत असेल, तर बहुधा त्याची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी संपलेली असते. ती साधारण दोन-तीन वर्षे टिकते. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो, म्हणून लेझर प्रिंटर त्यावर लावू नये.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही तक्रार पावसाळ्यात, ओल्या फरशीवर वाढते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नसले की बॉडीवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसते. प्रवाह अगदी कमी असतो, पण त्याच अवस्थेत मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल जोडली तर पोर्ट जळू शकतो. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल व फेज-अर्थ यांची रीडिंग जवळपास सारखी आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत हवी. न्यूट्रल-अर्थ नेमके शून्य आले तरी सॉकेट उघडून घ्यावे: कोणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले असेल, तर न्यूट्रल तुटताच कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येते. मल्टिमीटर फार थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे कच्चे अर्थिंगही त्यावर चांगले दिसते. खात्री वायरमनकडून भार लावूनच करून घ्यावी.

एसएमपीएस तपासायला त्याच्या सगळ्या जोडण्या काढून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडतात. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे एवढेच कळते, तो निर्दोष आहे असे नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. काही ब्रँडेड ऑफिस संगणकांत पिनांची रचना निराळी असते. त्यांना ही चाचणी लागू नाही. एसएमपीएसचा डबा घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

प्रथम मॉनिटरची केबल पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना ती मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) पोर्टला लावलेली सापडणे फार नेहमीचे आहे. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरवर तो पोर्ट चालतच नाही. त्यानंतर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर दाबून पाहावा.

मग रॅम. प्लग काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, पट्ट्या काढाव्यात आणि सोनेरी संपर्कपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. खोडरबर चालतो, पण मऊ आणि हलक्या हाताने. त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवा दोष निर्माण होतो. एकच पट्टी लावून, प्रत्येक स्लॉटमध्ये आळीपाळीने चालवून पाहावी. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवल्यावर काही मिनिटे काळा पडदा राहतो. तो बिघाड नाही, घाईने बंद करू नये. निफाड भागातल्या कोरड्या थंडीत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून रॅम हाताळण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

उष्णता, घड्याळ, डिस्क

दहा-पंधरा मिनिटांनी संगणक बंद पडत असेल, तर बहुधा हीटसिंकमधली (प्रोसेसरवरच्या उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांतली) धूळ किंवा प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट हे कारण असते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. इंटेलच्या कूलरची चारपैकी एक पिन नीट न बसणे हीही नेहमीची चूक आहे.

तारीख मागे गेली की बँकेचे किंवा डिजिटल सातबाऱ्याचे संकेतस्थळ ‘असुरक्षित’ दिसते, कारण प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडली जाते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

संथपणासाठी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के आहे का ते पाहावे. हार्ड डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट न वाचले जाणारे भाग, वाढत असतील, तर आधी बॅकअप घ्यावा, दुरुस्तीची आज्ञा नंतर चालवावी. उलट केल्यास मरणारी डिस्क त्या ताणातच जाते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते.

जुन्या पत्रातला मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसला तर तो व्हायरस नव्हे. तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तोच फाँट टाकावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

पुराचे पाणी

गोदावरीचा पूर नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी चढू लागले की सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानांत जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट सर्वांत आधी भिजते. ते टेबलाच्या उंचीवरच असावे. भिजलेला संगणक ‘चालतो का’ म्हणून लावून पाहू नये. प्लगबरोबर मदरबोर्डवरचा सेलही लगेच काढावा, कारण त्याचे ३ व्होल्ट ओल्या बोर्डवरचे तांबे खात राहतात. बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुऊन गाळ काढावा, मग अल्कोहोल लावून पूर्ण वाळवावा. महत्त्वाच्या नोंदी असलेली हार्ड डिस्क मात्र उन्हात वाळवू नये. आतला गाळ तबकड्यांवर घट्ट बसतो. ती ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.