सिंगापूर ते बँकॉक: विमान तेवढंच, घड्याळं वेगळी

सिंगापूरहून सकाळी 9 ला निघालेलं विमान बँकॉकला साधारण 10:25 ला पोचतं. तेच बँकॉकहून 9 ला निघालं, तर सिंगापूरला 12:25 वाजतात. तिकिटावरच्या या वेळा पाहिल्या की वाटतं, एका बाजूचा प्रवास दुसरीच्या दुपटीहून मोठा आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडे दोन तास पंचवीस मिनिटांच्या आसपासच लागतात; सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे असतं, एवढंच.

आधी अंतर बघू. पृथ्वीगोलावर चांगी आणि सुवर्णभूमी या विमानतळांमध्ये दोरा ताणला, तर तो मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकतो आणि थायलंडचं आखात ओलांडतो. लांबी भरते सुमारे 1,400 किलोमीटर. मोठ्या विमानाचा वेग ताशी 850 किलोमीटर धरला, तर हे अंतर पावणेदोन तासांच्या आतच कापलं जायला हवं. मग उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे?

त्यातली बरीचशी जमिनीवरच जातात. उभ्या बैलगाडीच्या चाकाला दगड लावतात, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. वेळापत्रकातला प्रवास इथले ठोकळे निघून विमान हललं की सुरू होतो आणि तिथे पुन्हा ठोकळे लागले की संपतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल आणि तिथली रांग यात धरलेली असते. शिवाय 10,000 फुटांखाली वेग 250 नॉट, म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटरच्या आत ठेवण्याचा नियम बहुतेक ठिकाणी असतो. त्यामुळे चढताना आणि उतरताना 850 चा हिशेब लागूच पडत नाही.

त्यात भर पडते ढगांची. विषुववृत्ताजवळचे गडगडाटी ढग 15 किलोमीटरच्याही वर जातात आणि प्रवासी विमानं उडतात 10 ते 12 किलोमीटरवर. वरून जाता येत नाही, आतून जाणं धोक्याचं, म्हणून वैमानिक वळसा घालतो. खिडकीतून दुपारच्या उन्हात असा ढग दिसला, तर नक्की बघा. फुलकोबीसारखा फुगत गेलेला, आणि माथा ऐरणीसारखा सपाट. निसर्गातलं इतकं भव्य दृश्य इतक्या जवळून क्वचितच मिळतं.

वाऱ्याचा त्रास मात्र इथे कमी. मुंबईहून लंडनला जाताना पश्चिमेचे जोरदार वारे विमानाला अडवतात आणि परतताना ढकलतात. ते वारे विषुववृत्तापासून लांब वाहतात, म्हणून या मार्गावर जाण्यायेण्याचा वेळ जवळजवळ सारखा.

आता तो घड्याळातला एक तास. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. दोन्ही शहरांत रेखांशाचा फरक सव्वातीन अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने फक्त तेरा मिनिटांचा. तरीही बँकॉक भारताच्या दीड तास पुढे आणि सिंगापूर अडीच तास! हा फरक माणसांनी ठरवला. पूर्वी सिंगापूर भारताच्या दोनच तास पुढे होतं. 1981 संपताना मलेशियाने आपल्या पश्चिम भागाचं घड्याळ बोर्निओ बेटावरच्या आपल्याच साबा-सारावाक या राज्यांशी जुळवायचं ठरवलं आणि शेजारच्या सिंगापूरनेही तेच केलं. 31 डिसेंबरच्या रात्री साडेअकराला काटे थेट बारावर नेले.

तेव्हापासून सिंगापूरमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. बाराही महिने तो सकाळी सातच्या आगेमागे उगवतो, आणि कितीतरी मुलं रोज अंधारातच शाळेला निघतात.