बाप्तिस्मा

बाप्तिस्मा : ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा पाण्याचा संस्कार. मूळ ग्रीक क्रियापद ‘बाप्तिझो’, अर्थ बुडवणे, बुचकळणे. त्याच कुळातले ‘बाप्तो’ हे रूप कापड रंगात बुडवण्यासाठीही वापरत. मराठी बायबलने हा शब्द भाषांतरित न करता तसाच ठेवला. कॅथलिक मराठीत त्याला ‘स्नानसंस्कार’ असाही प्रतिशब्द आहे. तो सुटसुटीत आहे, कानाला आपला वाटतो, पण निम्मा अर्थ त्यातून निसटतो. स्नानाने माणूस स्वच्छ होतो. बाप्तिस्म्यात माणूस आधी मरतो आणि मग उठतो, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. हा फरक नाशिकमध्ये जितका सहज समजावून सांगता येतो, तितका इतरत्र क्वचितच येत असेल.

नाशिककराला पवित्र स्नान म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गोदावरीतल्या रामकुंडावर रोज पहाटेपासून माणसे पाण्यात उतरतात, दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि त्या काळात शहराचे सगळे वेळापत्रक एका बुडीभोवती फिरते. त्यामुळे शेजारच्या घरात कोणी बाप्तिस्मा घेतला की ‘त्यांच्यातले पाप धुण्याचे स्नान’ असा अर्थ इथे आपसूक लावला जातो. तो चुकीचा म्हणता येणार नाही, कारण पापांची क्षमा हा बाप्तिस्म्याच्या अर्थाचा भाग आहेच. पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेलेला माणूस स्वतः बुडी मारतो. बाप्तिस्मा कोणालाही स्वतःचा स्वतः घेता येत नाही, तो दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो, अगदी धर्मगुरू झालेल्यालाही तो कधीतरी कोणाच्या तरी हातून मिळालेला असतो. दुसरे, तीर्थस्नान पुन्हा पुन्हा करायचे असते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. तिसरे, पाण्याला स्वतःचे माहात्म्य लागत नाही. यार्देन नदीचे पाणी आणले तर भावनेला बरे वाटते, विधीत त्याने काही भर पडत नाही. नाशिकच्या चर्चमधले कुंड साध्या नळाच्या पाण्याने भरले तरी चालते. आता शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून पाणीपुरवठा होतो, म्हणजे तसे पाहिले तर तेही गोदेचेच पाणी. पण ख्रिस्ती विधीच्या दृष्टीने तो केवळ योगायोग.

पाण्याने शुद्ध होण्याची चाल यहुदी धर्मात आधीपासून होती. ‘मिक्वे’ या कुंडात विधिपूर्वक बुडण्याची प्रथा तिथे आजही पाळली जाते. पहिल्या शतकात यार्देन नदीकाठी योहान नावाचा संदेष्टा लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देऊ लागला, म्हणून शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, तो ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ म्हणून ओळखला जातो. त्याच्याकडे येशूही आला. ज्याच्यात पाप नाही त्याने पश्चात्तापाचा बाप्तिस्मा का घ्यावा, हा प्रश्न मत्तयच्या शुभवर्तमानात खुद्द योहानच विचारतो. ख्रिस्ती विचारवंतांनी याचे उत्तर असे दिले, की येशू पापी माणसांच्या रांगेत त्यांच्यातलाच एक होऊन उभा राहिला. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली (मत्तय २८). शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे ३,००० जणांनी बाप्तिस्मा घेतल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे.

अर्थाचा गाभा मात्र पहिल्या शतकातला प्रेषित पौल याच्या लेखनात आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो, की ज्यांनी ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला ते त्याच्या मरणात सहभागी झाले, त्याच्याबरोबर पुरले गेले आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायला उठले. म्हणजे कुंड ही एकाच वेळी कबर आणि गर्भाशय. ज्या पाण्यात नोहाच्या काळचे जग बुडाले, ज्या तांबड्या समुद्रातून इस्राएली गुलामगिरीतून बाहेर पडले, त्या पाण्यांची आठवण पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी याच कारणाने काढली. पाणी जीव घेते आणि जीव देते. गोदावरीचा पूर पाहिलेल्या माणसाला ही दुहेरी ओळख पुस्तकातून शिकावी लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला ‘पाण्याने व आत्म्याने’ जन्मण्याविषयी सांगतो; नव्या जन्माची ही भाषा मराठी मंडळ्यांच्या प्रार्थनांत आणि साक्षींत सतत ऐकू येते.

विधीचे दोन मुख्य प्रकार. पूर्ण बुडवून देण्याच्या पद्धतीत बाप्तिस्मा घेणारा कमरेइतक्या पाण्यात पाळकाशेजारी उभा राहतो. पाळक एक हात त्याच्या पाठीशी देतो, दुसऱ्या हाताने नाकावर रुमाल धरतो आणि त्याला मागच्या बाजूला पाण्याखाली नेतो. तो क्षण अगदी लहान असतो. पण पोहता न येणाऱ्या माणसाचे शरीर त्या क्षणी ताठ होते, हात पाळकाच्या बाहीला घट्ट धरतात, आणि मग कुठेतरी तो सैल पडतो. पाहणाऱ्याला पौलाचे ‘पुरले जाणे’ तेव्हा डोळ्यांनी कळते. वर आल्यावर डोळे मिचकावत, पाणी निथळत उभ्या असलेल्या त्या माणसाला बायका टॉवेलात गुंडाळतात आणि काठावर गाणे सुरू होते. दुसऱ्या पद्धतीत डोक्यावर तीनदा पाणी ओततात. तान्ह्या बाळांसाठी हीच रूढ. कॅथलिक विधीत बाळाच्या छातीवर तेल लावले जाते, आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता सैतानाचा त्याग व श्रद्धा जाहीर करतात, शिंपल्याने किंवा लहान भांड्याने पाणी ओतले जाते. मग टाळूला सुगंधी तेल, अंगावर पांढरे वस्त्र, आणि पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली एक छोटी मेणबत्ती. ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळालाही तीनदा बुडवतात. ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे असे सांगितले आहे. एवढ्या सुरुवातीच्या काळातही पाण्याच्या प्रमाणावरून कोणाला अडवले जात नव्हते, ही गोष्ट पुढच्या वादांत विसरली गेली.

सर्वांत मोठा वाद बालबाप्तिस्म्याचा. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन परंपरा बाळांना बाप्तिस्मा देतात. त्यांचे म्हणणे, कृपा ही देणगी आहे आणि ती मागण्याइतके मोठे होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पाचव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनच्या मूळ पापाच्या, म्हणजे माणूस जन्मतःच पापात असतो या, सिद्धान्ताने या प्रथेला बळ आले; खुद्द ऑगस्टीनने मात्र बाप्तिस्मा घेतला तो प्रौढपणी, ३८७ मध्ये मिलान येथे. याउलट १५२५ मध्ये झ्युरिकमध्ये काही सुधारकांनी, ज्याने स्वतः विश्वास ठेवला त्यालाच बाप्तिस्मा, अशी भूमिका घेतली आणि त्यासाठी अनेकांनी प्राण दिले. बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि बहुतेक पेन्टेकॉस्टल मंडळ्या याच मताच्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बाळाचा बाप्तिस्मा देणाऱ्याची कृपा दाखवतो, प्रौढाचा बाप्तिस्मा घेणाऱ्याचा निर्धार. उत्तर भारतीय ख्रिस्ती मंडळीने (सी.एन.आय.) यातून व्यवहार्य वाट काढली. १९७० मध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन ती स्थापन झाली, त्यांत बाळांना पाणी देणारेही होते आणि बाप्टिस्ट व ब्रदरेनही. म्हणून दोन्ही प्रथा मान्य ठेवण्यात आल्या. नाशिक हे या मंडळीच्या एका धर्मप्रांताचे ठिकाण आहे. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. क्वेकर आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) हे पंथ ख्रिस्ती असूनही पाण्याचा बाप्तिस्मा देत नाहीत.

एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही, हे तत्त्व चौथ्या शतकातल्या दोनातवादी वादातून पक्के झाले. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा बाद ठरतो का, हा तो प्रश्न. मंडळीचे उत्तर : देणाऱ्याच्या योग्यतेवर काही अवलंबून नाही, देणारा खरा ख्रिस्त आहे. म्हणूनच कॅथलिक नियमांनुसार जिवावर बेतल्यास कोणीही, नर्स, शेजारीण, अगदी स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्तीही, योग्य हेतूने पाणी ओतून ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकते.

नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्ये सुरू झाले. पुढे शतकाच्या मध्यावर रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की त्या नावातले ‘शरण’ शब्दशः खरे होते. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली जात, शिकवली जात, हातातली कला शिकत आणि बाप्तिस्मा घेत. त्यांतला एक जेकब वेनराइट, याओ जमातीचा. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती त्याने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. ‘जेकब’ हे नाव त्याला आईबापांनी दिलेले नव्हते. बाप्तिस्म्यातला नवा जन्म या मुलांच्या बाबतीत फार शब्दशः घडला. त्यात सुटका होती, आणि बुडालेले एक जुने नावही होते. दोन्ही लक्षात ठेवली पाहिजेत.

नाव बदलणे हा संस्काराचा आवश्यक भाग नाही. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई मात्र जगासाठी रमाबाईच राहिल्या. कवी नारायण वामन टिळकांनीही नाव बदलले नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, पत्नीच्या गैरहजेरीत. पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे माहेर सोवळ्याच्या अतिरेकाने गांजलेले. वडिलांना प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज चैन पडत नसे, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. अशा घरात वाढलेल्या बाईवर नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी कोसळली. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी आधी सोवळे-ओवळे आणि जातिभेद मनातून टाकला, आणि टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पाण्याने सतत धुण्यातून सुटून एकदाच पाण्याखाली जाणे : या संस्काराचा अर्थ सांगायला मराठीत याहून नेमके चरित्र सापडणार नाही. १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. टिळक स्वतः अखेरच्या काळात आणखी एक पाऊल पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या मंडळात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य सामावले जाणार होते. मिशनऱ्यांना ते रुचणे अवघड होते. टिळकांना बाप्तिस्मा नको होता असे नव्हे. तो घेणे म्हणजे आपल्या माणसांतून उठून जाणे ठरू नये, ही त्यांची तळमळ होती.

कारण प्रत्यक्षात तसेच ठरत होते. बाप्तिस्म्याला मराठीत दुसरा एक शब्द चिकटला : बाटणे. ‘बाटला’ म्हटले की पंगत तुटली, विहीर तुटली, वारशावर प्रश्न आला. वारसाहक्काचे संरक्षण १८५० च्या २१ व्या कायद्याने मिळाले, पंगतीचे कुठल्याच कायद्याने मिळत नव्हते. ‘बाप्तिस्मा’ आणि ‘बाटणे’ हे दोन्ही शब्द एकाच घटनेसाठी, एक आतून आणि एक बाहेरून. दलित समाजातून आलेल्यांच्या वाट्याला वेगळे दुःख आले. गलतीकरांस पत्रात पौल बाप्तिस्मा घेतलेल्यांविषयी म्हणतो, की आता यहुदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद उरला नाही. ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारापाशी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, तिथे हे वाक्य किती मोठे वाटले असेल! पण मंडळीतही सोयरिकी जुळवताना जात विचारली जातच राहिली, आणि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. जातीने सोडले नाही, सवलतीने सोडले. पाण्याचा यात दोष नाही. बाप्तिस्म्याचा अर्थ मंडळीने पुरता जगून दाखवला नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

प्रत्येक बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या रजिस्टरात होते : तारीख, नाव, आईबापांची नावे, साक्षीदार किंवा धर्ममाता-धर्मपिता, विधी करणाऱ्याची सही. लग्नाच्या वेळी हाच उतारा मागितला जातो. कॅथलिक पद्धतीत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा बळकट करणारा संस्कार) आणि लग्न यांची नोंदही पुढे त्याच ओळीसमोर लिहिली जाते.

विधी पुन्हा होत नसला तरी त्याची आठवण होते. पुनरुत्थान सणाच्या रात्री कॅथलिक भाविक हातात मेणबत्त्या घेऊन बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात आणि त्यांच्यावर पाणी शिंपडले जाते. एरवी चर्चच्या दाराशी भिंतीत बसवलेले पवित्र पाण्याचे छोटे पात्र असते. आत शिरणारा त्यात बोटाची टोके बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांवर क्रूसाची खूण करतो. कडेवरच्या मुलाचा हात तिथवर पोहोचत नाही, तेव्हा आई स्वतःचे ओले बोट त्याच्या कपाळाला लावते.