भोंगा पितळेचाच हवा का?

"भोंगा पितळेचा नाही, मग आवाजात दम कुठून येणार?" लग्नसराईत नाशिकच्या बँडपथकांमध्ये हे हमखास ऐकू येतं. भोंगा म्हणजे तोंडाने फुंकायच्या बाजाचं पुढचं पसरट तोंड. भांडी बाजाराच्या गावाला पितळेचा अभिमान असणारच, पण ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी वाकडी बारवेपासून गोदाघाटापर्यंत माणसं उगाच जड बाजा खांद्यावर वाहतात. अमेरिकेत फायबरग्लासचे सुझाफोन (अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचे मोठे बाजे) 1960च्या दशकातच आले, आणि ते पितळी सुझाफोनपेक्षा कित्येक किलोंनी हलके असतात. एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा ट्रोम्बोन (सरकत्या नळीचा बाजा) तर साधारण 800 ग्रॅमचा असतो.

देवळातली घंटा वाजते, कारण तिचं पितळ स्वतः थरथरतं. ट्रम्पेटमध्ये थरथरतात वादकाचे ओठ आणि नळीतली हवा. नळी त्या हवेला फक्त आकार देते. घनता गुणिले ध्वनीचा वेग, असा पदार्थाचा ध्वनिरोध काढला तर पितळेचा हवेच्या सुमारे 90 हजार पट येतो आणि एबीएसचा सुमारे 5 हजार पट. आकड्यांत फरक मोठा दिसतो, पण दोन्ही भिंतींवरून जवळजवळ सगळी लहर परत हवेतच फिरते.

खरी करामत भोंग्याच्या फुलत जाणाऱ्या आकाराची आहे. ट्रम्पेटची नळी सुमारे 1.4 मीटर लांब असते. ओठांकडून ती बंद आहे असं धरलं, तर सरळ नळीत 61, 184, 306, 429, 551 हर्ट्झ असे अनुनाद (ज्या सुरांना नळीतली हवा जोरात साथ देते ते) मिळतील, म्हणजे 1, 3, 5, 7, 9 या प्रमाणात. यावर कुठलंच गाणं वाजणार नाही. वादकाला लागतात 233, 349, 466, 583 हर्ट्झ, म्हणजे 2, 3, 4, 5 या प्रमाणात. हा बदल भोंगा घडवतो. कमी कंप्रतेची लांब लहर पसरट भागात शिरूच शकत नाही, ती अलीकडूनच मागे फिरते. तिच्यापुरती नळी आखूड झाली, म्हणून सूर चढतो: 184चे 233 होतात. उंच सुराची आखूड लहर भोंग्यात खोलवर जाते, तिच्यापुरती नळी कमी आखडते, म्हणून 551चे 583च होतात. साधारण 1500 हर्ट्झच्या वर लहर परततच नाही, सरळ बाहेर पडते. माउथपीसची, म्हणजे ओठ टेकवायच्या तुकड्याची, वाटी वरच्या सुरांना थोडं खाली ओढते. अगदी पहिला अनुनाद मात्र या रांगेत बसत नाही. या साऱ्या हिशोबात पितळ कुठेच येत नाही. येते फक्त आतली मापं.

भिंत अगदीच थरथरत नाही असं नाही. पातळ भोंग्याचा परिणाम मोजता येतो, पण तो बारीक असतो. ब्रिटनमधले वाद्यरचनाकार रिचर्ड स्मिथ यांनी 1980च्या दशकात 0.3 ते 0.5 मिलिमीटर जाडीचे ट्रोम्बोनचे भोंगे कसलेल्या वादकांना ओळख न देता वाजवायला दिले. कोणता कुठला हे त्यांना सांगता आलं नाही. तेव्हा पितळेच्या "सात्त्विक लहरी" किंवा धातू गोठवून आवाज "खुलवण्याचे" दावे ऐकून पैसे मोजू नयेत.

अंबड-सातपूरकडच्या फायबर वर्कशॉपमधून भोंगा करून घ्यायचा असेल तर एक गोष्ट बजावून सांगावी: साचा आतल्या बाजूचा हवा. टाक्या आणि दरवाजे करताना बाहेरची बाजू गुळगुळीत ठेवायची सवय असते; इथे उलटं आहे. भिंतीलगत हवेचा जेमतेम 0.1 मिलिमीटरचा थर घर्षणात ऊर्जा गमावतो. त्याहून मोठा खडबडीतपणा, काचतंतूंची वर आलेली टोकं किंवा बुडबुडे सूर दाबतात. साच्यावर वॅक्स, मग जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत पहिला थर), मग चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे रेझिनमध्ये भिजवलेले दोन थर दिले की सुमारे 2 मिलिमीटर जाडी मिळते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट, आणि रोलर फिरवून हवा काढायचीच. हार्डनर 100 ग्रॅम रेझिनला 1 ते 2 ग्रॅम. नाशिकच्या मे महिन्यात 1 पुरे, नाहीतर रोलर फिरायच्या आत रेझिन घट्ट होतं आणि पुढे तडे जातात.

प्लास्टिक खरं हरतं ते व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दाबून हवेची वाट बदलणाऱ्या कळीत. तिच्यातला वरखाली होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आणि त्याची कोठी यांच्यात फट असते मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाएवढी. प्लास्टिकला ती राखणं कठीण जातं, कारण ते उष्णतेने पितळेच्या चौपट-पाचपट फुगतं आणि झिजतंही लवकर. फट वाढली की हवा गळते, सूर धूसर होतो. म्हणून फायबरच्या सुझाफोनलाही व्हॉल्व्ह आणि तोंडाकडची नळी धातूचीच असते. एबीएसला थिनर किंवा ॲसिटोन लावू नये, प्लास्टिक विरघळतं. कोमट पाणी आणि साबण पुरे.

घेताना व्हॉल्व्हची परीक्षा दुकानातच करावी. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली सरकती नळी, हळूच बाहेर ओढायची, मग व्हॉल्व्ह दाबायचा. "फट्" असा आवाज आला तर हवा धरली जाते. काहीच ऐकू आलं नाही, तर तो पिस्टन गळतो. भोंगा कितीही चमकत असला तरी तो बाजा परत ठेवावा.