कार्ड गावाकडे, खोली सोलापुरात : विद्यार्थी आणि सरकारी अन्नमदतीची पार्श्वभूमी

प्रवेशाच्या दिवसांत सोलापुरातल्या महाविद्यालयांत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी रांगा लागतात. त्याच खिडकीशेजारी रेशन, भोजन भत्ता आणि शिवभोजन (राज्य सरकारचं स्वस्त ताट) यांची माहिती देणारं, अर्ज भरून घेणारं एक टेबल असावं, ही कल्पना साधी आहे. तिची गरज का पडली, हे मात्र थोडं मागे गेल्याशिवाय कळत नाही. सरकारी धान्य आजवर घराला मिळालं, नाहीतर वसतिगृहाला. अक्कलकोट, सांगोला किंवा करमाळ्याहून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणारा मुलगा या दोन्हींत बसत नाही.

पूर्वी बाहेरगावच्या गरीब मुलाच्या जेवणाची सोय समाज करायचा. कुणी वार लावून, म्हणजे रोज एकेका ठरलेल्या घरी जेवायचं, कुणी माधुकरी मागायचं. पुढे बोर्डिंगं आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी सुरू केलेल्या वसतिगृहाचा आदर्श पश्चिम महाराष्ट्रभर पोचला. मुलं घरून धान्य आणत, श्रम करत आणि एका पंगतीत जेवत. सोलापूरही दुष्काळाला सरावलेला जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर इथली कुटुंबंच्या कुटुंबं गेली. पण त्या वेळची सरकारी मदत कामाला आणि कुटुंबाला जोडलेली होती. विद्यार्थी म्हणून कुणाचा वेगळा विचार व्हावा, इतकी खेड्यांतली मुलं तेव्हा महाविद्यालयापर्यंत पोचतही नव्हती.

ती पोचली नंतर. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ सोलापुरात आलं, तालुक्यांतून शहराकडे शिकायला येणं रुळलं. विद्यार्थी आले, पण शासकीय वसतिगृहांतल्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. आजही सकाळच्या एसटीनं गावाहून डबा येतो. एसटी चुकली की त्या दिवशी वडापाव.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, राज्यात अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय, म्हणजे अतिगरीब कुटुंबाच्या कार्डाला ३५ किलो, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते वयाबद्दल. शाळेतलं शिजवलेलं जेवण आठवीला संपतं. त्यानंतर भूक थांबत नाही, उलट वाढीचं वय असतं. पण नववीपासून पदवीपर्यंतच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या नावानं जेवण देणारी तरतूद या कायद्यात नाही. त्याचा हक्क घरच्या कार्डावरच्या ५ किलोंत मिसळलेला आहे.

इथूनच तो वाद सुरू होतो, ज्यावर कार्यकर्ते, पुरवठा शाखा आणि पालक यांचं अजून एकमत नाही. विद्यार्थ्याचं नाव गावच्या कार्डावर राहू द्यायचं, की कमी करून सोलापुरात वेगळं कार्ड काढायचं?

वेगळ्या कार्डाचा सल्ला बरीच वर्षं सद्हेतूनं दिला गेला. वाट सरळ दिसते: तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि शहरात नवा अर्ज करायचा. पण घरमालक भाडेकरार करून देत नाही, त्यामुळे रहिवासाचा पुरावा मिळत नाही. मिळालाच, तर कार्ड येतं, धान्य येत नाही. कारण धान्य इष्टांकावर, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थी-संख्येवर ठरतं. राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. त्यात ग्रामीण लोकसंख्येतले ७६.३२ टक्के लोक बसतात, शहरी लोकसंख्येतले ४५.३४ टक्केच. म्हणजे गावातलं नाव सोडून शहरात आलेला मुलगा मोठ्या छत्रीखालून छोट्या छत्रीखाली येतो. उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० असली, तरी इष्टांकात जागाच नसेल तर त्या फरकाचा उपयोग नाही. शिवाय गावच्या कार्डावरचे त्याचे ५ किलो कमी होतात ते वेगळंच. एकदा गेलेलं नाव परत चढवायला किती हेलपाटे पडतात, ते ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक. अंत्योदय घरात गणित थोडं निराळं आहे. तिथं ३५ किलो कार्डाला मिळतात, त्यामुळे नाव कमी झालं तरी घरचं धान्य घटत नाही. म्हणून काहींना वेगळं कार्ड अजूनही योग्य वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात, तसंच आंध्र आणि तेलंगणा यांच्यात एका राज्याच्या कार्डावरचं रेशन दुसऱ्या राज्यात उचलण्याची सोय सुरू झाली. तीच पुढे ‘एक देश, एक रेशन कार्ड’ म्हणून देशभर गेली. आता नाव न काढता सोलापुरातल्या कुठल्याही दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि घरचे उरलेलं गावात घेऊ शकतात. माझ्या मते वादाचं उत्तर इथंच मिळायला हवं होतं. पूर्ण मिळालं नाही, कारण मशीनला कार्ड दिसतं, माणूस दिसत नाही. आई महिन्याच्या सुरुवातीला सगळं धान्य उचलते, तेव्हा मुलाचा वाटाही त्यात जातो. तिचं काही चुकत नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक सदस्याचा वाटा त्याच्यासाठी राखून ठेवण्याची सोय विद्यार्थ्यांपुरती तरी व्हायला हवी, आणि तोवर महाविद्यालयातल्या टेबलावरून फोन गावाकडच्या घरी गेला पाहिजे. नाव काढायला लावणारा सल्ला बंद व्हावा, असं मला ठामपणे वाटतं.

धान्य हाती आलं तरी पुढचा प्रश्न चुलीचा. ज्वारी खाणाऱ्या या जिल्ह्यात रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. सेल्फ कुकिंग करणाऱ्या मुलींना तांदूळ उपयोगी पडतो. मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला रेशनच्या पिशवीपेक्षा पैसे किंवा ताट हवं असतं. शिवभोजनाचं ताट २६ जानेवारी २०२० ला आलं: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. महासाथीत ते ५ रुपयांना मिळालं, एप्रिल २०२१ पासून काही महिने मोफतही होतं. ते गरीब आणि गरजू या सर्वांसाठी आहे, विद्यार्थ्यालाही मनाई नाही. पण वेळ दुपारची, म्हणजे नेमकी वर्गातल्या तासांची. पुढे केंद्रचालकांची बिलं थकू लागली आणि या ताटावर विसंबणंही अवघड झालं.

पैशाचा मार्ग २०१६-१७ मध्ये खुला झाला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना ठिकाणानुसार वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत देते. त्यात भोजन भत्ता ३२,००० रुपयांपर्यंतचा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आली, इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना बरीच उशिरा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जेवणाचे पैसे, हा मोठा बदल होता. अडचण अशी की मेसवाल्याला पैसे दर महिन्याला लागतात आणि भत्त्याचा हप्ता कित्येकदा वर्ष सरत आल्यावर जमा होतो. रोख रक्कम हेच उत्तर आहे, असंही सगळे मानत नाहीत. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले होते.

सोलापूरच्या सीमेवर आणखी एक गुंता आहे. तुळजापूरचा केशरी कार्डाचा, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीबाहेरचा शेतकरी २०१५ पासून १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या योजनेत बसला. त्याच्या घराला स्वस्त धान्य मिळालं, २०२३ पासून त्याऐवजी माणशी दर महिना रोख रक्कम, सुरुवातीला १५० रुपये. सोलापूर जिल्हा त्या १४ जिल्ह्यांत नाही. त्यामुळे एकाच खोलीत राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांच्या मुलांना वेगवेगळे नियम लागू होतात. तिसरा इंडीचा असेल, तर त्याचं कार्ड कर्नाटकचं. इथं त्याला केंद्राच्या वाट्याचं धान्य मिळतं, त्याच्या राज्यानं वरून दिलेलं मिळत नाही.

गेल्या दोन वर्षांत या सगळ्यावर ई-केवायसी येऊन बसली आहे. कार्डावरच्या प्रत्येकानं आपली ओळख पटवायची आहे, नाहीतर नाव गोठण्याची भीती. मुदती वाढत गेल्या. शेतात आणि यंत्रमागावर राबून बोटांचे ठसे पुसट झालेल्या आईवडिलांइतकीच ही अडचण बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचीही आहे, कारण दुकानदाराच्या यादीत उरलेली नावं बहुधा त्यांचीच असतात. ही प्रक्रिया सोलापुरातल्या दुकानातही होते आणि मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते. तरी गावी जावंच लागेल, या समजुतीनं मुलं दिवाळीची वाट पाहत बसतात. महाविद्यालयातल्या टेबलानं सर्वांत आधी हेच काम हाती घ्यावं. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं ते एका आठवड्यात उरकू शकतील. सूचना मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लावाव्यात, आणि खाली तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक ठळक अक्षरांत असावा.